‘गोठणे’ आणि ‘साकळणे’ : एक शब्दविचार

पाणी गोठते, तूप थिजते, रक्त साकळते. मराठीने हे तीन व्यापार तीन क्रियापदांनी वेगळे ठेवले आहेत. मुका मार लागून कातडी काळीनिळी पडली की घरातील वडीलधारी मंडळी ‘रक्त साकळले’ असेच म्हणतात. आपल्या वैद्यकीय लेखनात मात्र ‘साकळणे’ मागे पडून ‘गोठणे’ पुढे आले आहे. अपघातातील तीव्र रक्तस्रावाच्या विवेचनात या अदलाबदलीने अर्थाची हानी होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

‘गोठणे’ या शब्दाला थंडीचा संस्कार आहे. आता वस्तुस्थिती पाहू. शरीराचे तापमान उतरणे, रक्ताची आम्लता वाढणे आणि साकळण्याची शक्ती खालावणे यांना शल्यचिकित्सक ‘घातक त्रिकूट’ म्हणतात. रुग्ण गार पडला की रक्तातील विकरांचे व प्लेटलेटांचे कार्य मंदावते आणि स्राव वाढतो. हेच ‘थंडीमुळे रक्त गोठत नाही’ असे लिहिले, तर विद्यार्थ्यास वाक्यातच चूक असल्याचा भास होतो!

‘त्रिकूट’ हे रूपकही तपासून घेतले पाहिजे. त्यामुळे साकळण्यातील बिघाड हा गारठ्याचा व शिरेतून दिलेल्या द्रवांचा परिणाम आहे, असा समज दृढ झाला. लंडन येथील ब्रोही व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली १,०८८ जखमींची पाहणी प्रसिद्ध केली. रुग्णालयात पोचतानाच त्यांतील सुमारे चतुर्थांशांत हा बिघाड आढळला, आणि द्रव किती दिले याच्याशी त्याचा संबंध दिसला नाही. अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ४६, तर इतरांत शेकडा ११ च्या आसपास होते. म्हणजे दोषाचा उगम आघातात आणि रक्ताभिसरण खचण्यात आहे. त्याच आघाताने फुटलेल्या पेशींचे अवशेष रक्तात येऊन सर्वांगी दाह चेतवितात आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. ‘दाह’ म्हटले की आपल्यासमोर एखादा लाल, तापलेला अवयव येतो. येथे तसे काही डोळ्यांना दिसत नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न औषधाच्या वर्णनाचा आहे. उताको व शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्याने शोधलेले ट्रॅनेक्सामिक आम्ल ‘रक्त गोठविणारे’ नव्हे. ते तयार झालेली गुठळी विरघळू देत नाही. ‘क्रॅश-२’ या २०१० च्या चाचणीत ४० देशांतील २०,२११ रुग्ण होते. औषधाने एकूण मृत्यू शेकडा १६·० वरून १४·५ वर आले. २०११ च्या विश्लेषणात मात्र काळाचे महत्त्व दिसले. पहिल्या तासात औषध दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू शेकडा ७·७ ऐवजी ५·३ होते. तीन तासांनंतर दिल्यास ३·१ ऐवजी ४·४. ‘गोठविणारे’ या विशेषणात वेळेची सूचनाच नाही. स्राव दिसला की द्यावे, एवढेच त्यातून सुचते. ‘गुठळी विरघळू न देणारे’ म्हटले, तर ‘ती या क्षणी विरघळते आहे काय?’ हा प्रश्न आपोआप उठतो. आणि पुढे कित्येक रुग्णांत ते विरघळणे स्वतःच मंदावलेले असते.

शब्दाचा अर्थ रूढीने ठरतो, व्युत्पत्तीने नव्हे, हा आक्षेप प्रस्तुत लेखकास मान्य आहे. वर्गात तो स्वतः तेच शिकवितो. परिभाषेतील ‘क्लथन’ निर्दोष असले, तरी ‘रक्त क्लथित झाले’ असे कोणी बोलत नाही. ‘साकळणे’ अद्याप बोलण्यात आहे, आणि थंडीशी त्याचे काही नाते नाही.