बाळंतीण आणि टाळ्या

आर्नोन गोल्डफिंगर यांचा ‘द कोमेडियंट’ (२०००) हा माहितीपट पूर्व युरोपातील ज्यूंच्या यिद्दिश भाषेत नाटके करणाऱ्या बर्स्टाइन कुटुंबाचा आहे. आईबाप नट. जुळी मुले लहानपणीच रंगमंचावर आली. मुलगा नट झाला, मुलगी रंगभूमी सोडून गेली. माहितीपट सोडून जाणारीचेही ऐकतो, म्हणून तो निव्वळ गौरवगान होत नाही.

आपल्याकडे भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या घराण्याविषयी बोलताना असे कान कुठे जातात? पंढरपुरात १९३५ साली जन्मलेल्या विठाबाई, पुढे त्यांची कन्या मंगला बनसोडे. या घराने पिढ्यान्‌पिढ्या फड ओढला. पण विठाबाई म्हटले की एकच प्रसंग सांगतात : खेळ चालू असताना बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली, पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ऐकणारे टाळ्या वाजवतात. यालाच कलानिष्ठा म्हणणे हे पांढरपेशी समीक्षेचे सोयीस्कर ढोंग आहे. खेळ थांबला की फडातल्या साऱ्यांच्या चुली थांबतात, हे ती समीक्षा सांगत नाही.

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने खेळ करणाऱ्या आस्थापनाही आल्या. पण २०२५ पर्यंत लागू असलेला हा कायदा मालकाकडून कामकरणीला देणे देववीत होता. विठाबाईंचा पुढे स्वतःचा फड झाला. मालकीणच जिथे नाचते, तिथे रजा कोण देणार?

विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. २००२ साली त्या गेल्यावर शासनाने त्यांच्या नावे पुरस्कारही ठेवला. सन्मान झाला, हक्क राहिला. तमाशा घराण्यावर माहितीपट काढणाऱ्याने तो दगड दाखवण्याआधी फडाचा जमाखर्च दाखवावा : सुपारी किती, उचल किती, आणि बाळंतिणीच्या वाट्याला काय.