हरितद्रव्याची पाठचिकित्सा

वनस्पतींच्या शरीरव्यापाराचा विषय या त्रैमासिकांत कशास, असें वाचक विचारतील. परंतु मिखाइल त्स्वेत (१८७२–१९१९) या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाचे १९०६ चे दोन निबंध व रंगद्रव्यांवरील १९१० चा ग्रंथ यांतील वाद मूळपाठाचाच आहे. म्हणून पोथ्या जमविणारांनीं तो अवश्य पाहावा.

पूर्वपक्ष असा. पानाचें हिरवें द्रव्य मद्यार्काच्या योगें सुबक स्फटिकरूपांत मिळतें, हें बोरोदिन या रशियन पंडितानेंच १८८२ मध्यें दाखविलें होतें. रसायनज्ञांस स्फटिक ही शुद्धतेची मुद्रा वाटे. तेव्हां हेंच मूळ हरितद्रव्य, असा पुष्कळांचा समज झाला. त्स्वेतचा उत्तरपक्ष असा कीं, हे स्फटिक म्हणजे मूळ द्रव्य नव्हे, तें वेगळें काढतांना पालटलेलें रूप होय. पुढें विल्श्टेटर या जर्मन रसायनज्ञाच्याच संशोधनानें हें खरें ठरलें: पानांतील एका किण्वामुळें हरितद्रव्याचा एक अंश सुटतो व त्या जागीं मद्यार्काचा अंश येऊन बसतो. सुवाच्य अक्षराच्या लेखकानें दुर्बोध शब्द काढून सोपा घातलेली प्रत आपण पाहिली नाहीं काय? ती देखणी असते, परंतु प्रमाण नसते.

त्स्वेतनें योजिलेली रीति सौम्य होती. कांचेच्या अरुंद नळींत खडूची बारीक पूड दाबून भरावयाची, वरून पानांच्या रंगांचा द्राव ओतावयाचा, व मागून निव्वळ द्रावक सोडावयाचा. ज्या द्रव्याचें खडूशीं सख्य अधिक, तें वर अडकतें. ज्याचें कमी, तें खालीं उतरतें. पिवळे व हिरवे पट्टे वेगळे होतात. हरितद्रव्यहि एक नसून दोन असल्याचें उघड दिसतें. अशा शंभरांहून अधिक पुडी त्यानें तपासल्या होत्या. कोणताहि पाठ न खोडतां थर निराळे करणें, ही या रीतीची थोरवी.

तथापि स्तुतीस मर्यादा हवी. द्राव पुडींतून गाळण्याची कल्पना सर्वस्वीं नवी नव्हती. अमेरिकेंत डे यानें खनिज तेलावर असे प्रयोग आधींच केले होते. त्स्वेतचें श्रेय पट्ट्यांमागील नियम ओळखण्यांत व त्यांतून पृथक्करणाचें शास्त्र उभारण्यांत आहे. शिवाय त्याच्या नळींतून द्रव्य अत्यल्प मिळे. हरितद्रव्याची रासायनिक घटना व त्यांतील मॅग्नेशियमचें स्थान विल्श्टेटरनें विपुल सामग्रीवर काम करून निश्चित केलें. १९१५ चें नोबेल पारितोषिक त्यास मिळालें, तें अयोग्य म्हणतां येणार नाहीं.

आतां मुख्य आक्षेप. ग्रंथ रशियन भाषेंत होता म्हणून त्स्वेत उपेक्षिला गेला, असें सांगण्याचा प्रघात आहे. हें अर्धसत्य होय. १९०६ चे निबंध जर्मन वनस्पतिशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेंत, जर्मन भाषेंतच छापले होते. ज्यांनीं वाचावयाचे त्यांच्या दारीं ते पोंचले होते. अडसर भाषेचा नव्हता, प्रमाणाच्या कल्पनेचा होता: पट्टा डोळ्यांस दिसला तरी स्फटिक हातीं आल्यावांचून रसायनज्ञ मानीना. आपणहि ‘मराठींत लिहिलें म्हणून कोणी वाचीत नाहीं’ असें वारंवार म्हणतों. प्रस्तुत लेखकानेंहि तें पुष्कळदां म्हटलें आहे. हा ग्रंथेतिहास पाहिल्यावर त्या सबबीचा भरंवसा उरत नाहीं.

उलट रशियन ग्रंथानेंच शेवटीं तारलें. विल्श्टेटरसाठीं त्याचें एक अप्रकाशित जर्मन भाषांतर झालें होतें. तें त्याचा शिष्य कून याच्याकडून लेडररच्या हातीं आलें, आणि १९३१ मध्यें हायडलबर्ग येथें ती रीति पुन्हां चालू झाली. त्स्वेत १९१९ मध्येंच वोरोनेझ येथें वारला होता. युद्धामुळें वॉर्सा सोडावें लागून तो गांवोगांव फिरला होता.

आज याच कुळांतील रीतींनीं जुन्या शाई व रंग तपासले जातात. परंतु संग्राहकांनीं ध्यानीं घ्यावयाचें तें दुसरेंच. ज्या विद्वानास ती रीति पटली नव्हती, त्याच्याच संग्रहांतल्या न छापलेल्या प्रतीनें ती जगविली. पेटींतील जें बाड आपणांस आज निरुपयोगी वाटतें, तें टाकून देण्यापूर्वीं एवढें आठवावें.