सिद्धतेपूर्वीचा विश्वास : 'पी' विरुद्ध 'एनपी' प्रश्नाच्या संदर्भात एक चिकित्सा

पिंपळवंडी, आळे, नारायणगाव, ओतूर अशी जुन्नर तालुक्यातील सर्व गावे एकेकदाच घेऊन ठरावीक अंतरात परतणारा मार्ग कोणी दाखविला, तर तो पडताळणे सोपे असते. शोधणे मात्र गावांची संख्या वाढताच अतिशय कठीण होते. झटपट पडताळता येणारे उत्तर झटपट शोधताही येतेच काय, हा संगणन-जटिलतेतील 'पी' विरुद्ध 'एनपी' प्रश्न होय. स्टीफन कुक यांच्या १९७१ च्या निबंधापासून तो अनुत्तरित आहे.

तरीही अभ्यासकांची मते ठाम आहेत. विल्यम गॅसार्क यांच्या २००२ च्या मतचाचणीत १०० पैकी ६१ जणांनी दोन्ही वर्ग भिन्न, तर ९ जणांनी समान मानले. या विश्वासाला संभाव्यता म्हणावे काय? रूढ संभाव्यताशास्त्रात विचार करणाऱ्याला सर्व तार्किक निष्कर्ष आधीच ज्ञात असल्याचे गृहीत असते. येथील अनिश्चितता वस्तूची नसून आपल्या मर्यादित तर्कशक्तीची आहे.

अशा स्थितीत विचार कसा करावा, याचे उदाहरण ऑगस्ट २०१० मध्ये घडले. मुंबई आयआयटीचे माजी विद्यार्थी व एचपी लॅब्जमधील संशोधक विनय देवळालीकर यांनी दोन्ही वर्ग भिन्न असल्याची सिद्धता मांडली. ती मान्य होऊन क्ले संस्थेचे पारितोषिक मिळाल्यास आपण दोन लाख डॉलर देऊ, असे स्कॉट ॲरनसन यांनी जाहीर केले. परंतु पैजेतून विश्वासाची तीव्रता कळते, आधार कळत नाही. आधार मिळाला तो वेगळ्या आक्षेपातून. कठीण प्रश्नाची उत्तरे विखुरलेल्या पुंजक्यांत असतात, यावर मूळ युक्तिवाद उभा होता. तशीच रचना 'एक्सॉर-सॅट' या सोप्या प्रश्नातही आढळते. सोप्यालाही कठीण ठरवू पाहणारा युक्तिवाद सदोष असणार, हे चुकीची नेमकी ओळ सापडण्यापूर्वीच म्हणता येते. ही सिद्धता पुढे मान्य झाली नाही.

जलद रीत सापडत नाही, हा भिन्नतेचा पुरावा मानला, तर सिद्धता सापडत नाही, हा समानतेचा का मानू नये? येथे १९७५ चा बेकर, गिल व सोलोवे यांचा निष्कर्ष महत्त्वाचा ठरतो : परिचित सिद्धतापद्धतींचा एक मोठा वर्ग या प्रश्नाला अपुराच पडतो. म्हणजे सिद्धतेच्या अपयशाला स्वतंत्र कारण आहे. वर्ग समान असल्याचे ते लक्षण मानता येत नाही.

तात्पर्य, सिद्धतेपूर्वीचा विश्वास त्याज्य नाही. मात्र तो बहुमताच्या वा अपयशांच्या संख्येवर नव्हे, तर त्या अपयशांच्या कारणमीमांसेवर उभा असावा.