दाजींनी कंपनी बदलली

आमच्या घराण्यात कंपनी बदलण्याची पद्धत नाही. आजोबांनी जो चहा घरात आणला तोच आम्ही आजही पितो. मध्ये एकदा त्याची चव उतरली होती, तेव्हा घरात रीतसर चर्चा होऊन चहा बदलण्याऐवजी साखर वाढवण्यात आली. न्हावी बदलायचा नाही, वाणी बदलायचा नाही, पंचांग बदलायचं नाही. मी स्वतः बी. कॉम. झाल्यावर ज्या बँकेच्या काउंटरला चिकटलो, तो काउंटर अजून सोडलेला नाही. २०२० साली ती बँकच दुसऱ्या एका बँकेत विलीन झाली आणि एका सकाळी ऑफिसच्या दारावरची पाटी निराळी दिसली, हा भाग वेगळा. कंपनीने आपल्याला बदललं तर इलाज नाही. आपण होऊन बदलायचं नाही, एवढंच आमचं व्रत.

त्यामुळे मिनेसोटाहून ताईचा फोन आला आणि "अरे, ह्यांनी कंपनी बदलली!" असं ती म्हणाली, तेव्हा मी मटकन खाली बसलो. पन्नाशी उलटलेला माणूस, दोन मुलं कॉलेजात, आणि या वयात नोकरी सोडली?

"नोकरी नाही रे, स्नोमोबील. यामाहा गेली आता." तिचा आवाज असा काही ओला झाला होता की मी न राहवून विचारलं, "किती वर्षांची होती?"

"तेरा," ताई म्हणाली.

ज्या वाचकांनी मनालीला भाड्याच्या फरकोटात फोटो काढून घेतले आहेत, त्यांना 'स्नो स्कूटर' हा प्रकार माहीत असेल. पुढे वळायला दोन स्की, मागे रणगाड्याला असतो तसा पण रबरी पट्टा, मध्ये इंजिन आणि वर बसलेला माणूस. आपल्याकडे ती दहा मिनिटांची गंमत. तिकडे उत्तर अमेरिकेत हे एक संपूर्ण वाहन आहे. एकट्या मिनेसोटा राज्यात तिच्यासाठी बावीस हजार मैलांच्या वर पायवाटा राखलेल्या आहेत, त्यांना ट्रेल म्हणतात. बहुतेक ट्रेल गावोगावच्या क्लबांचे स्वयंसेवक सांभाळतात. रात्री यंत्राने बर्फ सारवून ठेवायचा, थंडीने तो पहाटेपर्यंत घट्ट होऊ द्यायचा आणि सकाळी दुसऱ्यांनी येऊन तो उखडायचा. आमच्या सोसायटीत जिना झाडण्याच्या पाळीवरून जी भांडणं होतात ती पाहता, हे लोक अजून एकमेकांशी बोलतात कसे हेच मला कळत नाही.

हे यंत्र मुळात हौसेतून जन्मलेलं नाही. कॅनडात क्वेबेक प्रांतातल्या व्हालकूर गावी जोझेफ-आर्मां बोंबार्डिए नावाचा एक मेकॅनिक होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पेरिटोनायटिसने गेला. रस्ते बर्फाखाली बुजलेले, दवाखाना दूर, न्यायला वाहन नाही. या माणसाने पुढची वर्षं बर्फावर चालणारं वाहन करण्यात घातली आणि १९३७ मध्ये आपल्या पट्ट्याचं पेटंट मिळवलं. पहिल्या गाड्या मोटारीएवढ्या होत्या. एकदोन माणसांची हलकी 'स्की-डू' आली १९५९ मध्ये. तिचं नाव खरं तर 'स्की-डॉग' ठेवायचं होतं, लिहिताना एक अक्षर चुकलं आणि 'स्की-डू' झालं, असं सांगतात. कारकुनी चुकीने एखाद्या मालाचं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण निदान आमच्या युनियनच्या दप्तरी नाही.

दुसरी परंपरा मिनेसोटातलीच. रोझो नावाच्या गावात एडगर हेटीन, त्याचा भाऊ आणि एक मित्र यांनी पोलारिस कंपनी उभी केली. १९६० मध्ये हे एडगरराव आपल्या मशीनची ताकद दाखवायला अलास्कातून बाराशे मैल बर्फ तुडवून आले. परत येऊन पाहतात तो घरच्या भागीदारांना याचं कौतुक बेताचंच. मग त्यांनी पोलारिस सोडली आणि शंभरएक किलोमीटरवरच्या थीफ रिव्हर फॉल्स गावी नवी कंपनी काढली, तीच पुढे आर्क्टिक कॅट झाली. म्हणजे जिथे कंपनीच्या संस्थापकानेच कंपनी बदलली, तिथे दाजींनी मनाला लावून घ्यायचं काही कारण नव्हतं. पण ते लावून घेत होते.

कारण त्यांनी बदललेली नव्हती. यामाहाने १९६८ मध्ये आपलं पहिलं स्नोमोबील काढलं. २००३ च्या आर एक्स-वन मॉडेलने चार स्ट्रोकचं इंजिनसुद्धा बर्फावर पळू शकतं हे दाखवून दिलं. आणि २०२३ च्या जूनमध्ये कंपनीने जाहीर केलं की आता पुरे, उत्तर अमेरिकेसाठी २०२५ चं मॉडेल शेवटचं. सुटे भाग आणि सर्व्हिस मिळत राहील असंही सांगितलं. व्यवहार चोख. तरी दाजी म्हणाले, "भाग मिळतील रे. पण पुढच्या वर्षी काय नवीन येतंय हे बघायचं आता उरलं नाही."

हे मला बरोबर कळलं. आमचं विलीनीकरण झालं त्या आठवड्यात एक निवृत्त हेडमास्तर जुनं पासबुक घेऊन काउंटरवर आले होते. त्यांचा एक पैसा इकडचा तिकडे झालेला नव्हता. मी तसं दाखवून दिलं. ते म्हणाले, "पैसे आहेत हो. बँक कुठाय?" यावर उत्तर द्यायचं प्रशिक्षण आम्हांला दिलेलं नाही.

त्यात दैवाने अशी थट्टा केली की यामाहाच्या दाजींकडच्या शेवटच्या हिवाळ्यात, म्हणजे २०२३-२४ मध्ये, मिनेसोटात बर्फच धड पडला नाही. गाडी गॅरेजात, दाजी खिडकीत.

मग नवी शोधणं आलं. एके काळी, १९७० च्या आसपास, स्नोमोबील करणाऱ्या शंभरावर कंपन्या होत्या. आता यामाहा वगळता मोठ्या उरल्या तीन. दाजींनी तक्ता मांडला. इंजिन, वजन, पट्ट्याची लांबी, किंमत. किंमत सहज पंधरा हजार डॉलरच्या पुढे. शेजारीपाजारी सल्ला द्यायला आले. तिथे पिवळेवाले, हिरवेवाले असे पंथ आहेत आणि प्रत्येक पंथाचा माणूस दुसऱ्या पंथाची गाडी रस्त्यात कशी बंद पडली याची कथा सांगतो. आपल्याकडे सोयरीक जुळवताना दुसऱ्या स्थळाबद्दल सांगतात तशीच.

शिवाय हवी तशी गाडी हवी असेल तर वसंत ऋतूत आगाऊ रक्कम भरून नोंदवायची, आणि ती हाती पडायची दिवाळीच्या सुमारास किंवा नंतर. हे ऐकून माझ्या वडिलांना जो आनंद झाला तो वर्णन करणं कठीण आहे. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेला तो माणूस. "अमेरिकेतसुद्धा?" एवढंच ते तीनदा म्हणाले.

नव्या कंपनीचं नाव मी इथे सांगणार नाही. खातेदाराची माहिती बाहेर न फोडण्याची सवय हाडीमाशी भिनलेली आहे. सहाशे सीसी, दोन स्ट्रोक, १३७ इंची पट्टा, ट्रेलवर पळवायची जात, एवढं पुरे. २०२५ च्या फेब्रुवारीत मी तिकडे गेलो, तेव्हा डलूथजवळ बर्फ बेताचाच होता. म्हणून ट्रेलरवर गाडी घालून वर फिनलंडपर्यंत गेलो. फिनलंड हे तिथल्या एका खेड्याचं नाव आहे. परदेशातून आणखी एका परदेशात गेल्याचं समाधान फुकटात मिळालं. मी चालवलं नाही. तिथे माझ्या वयाच्या माणसाला सुरक्षेचा अभ्यासक्रम करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि मी बँकेच्या अंतर्गत परीक्षांनंतर एकही परीक्षा न देण्याची शपथ घेतलेली आहे. तेव्हा हे परीक्षण मागच्या सीटवरून आहे. त्याबद्दल मला कमीपणा वाटत नाही. मराठी मध्यमवर्गाने अर्धं आयुष्य मागच्या सीटवर काढलेलं आहे. गाडी कशी आहे हे तिथूनच कळतं, पुढच्याला फक्त रस्ता दिसतो.

इंजिन सुरू झालं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन स्ट्रोकचा वास! थेट इंधन फवारणाऱ्या नव्या इंजिनांत धूर फारच कमी झालाय, तरी वास तोच. ऑईल मिसळलेलं पेट्रोल, तिरकी केलेली स्कूटर, पुढे उभा मी, मागे आई, तिच्या मांडीवर ताई. यामाहाला वासच नव्हता. २०१७ साली मी तिच्यावर, म्हणजे व्हेंचर नावाच्या त्या दोन माणसांच्या गाडीवर, मागे बसलो होतो. तीन सिलिंडर, एक गंभीर घरघर, सरकारी खात्यातल्या वरिष्ठासारखी. ही नवी मात्र नुकतीच नोकरीला लागल्यासारखी, हाक मारायच्या आत हजर.

वजनातला फरक मागून बसलेल्यालाही कळतो. चार स्ट्रोकचं धूड वळणावर नाक पुढे काढून सरळ जाऊ बघायचं आणि दाजी अंग टाकून तिला वळवायचे. ही नुसत्या मनगटाने वळते. दुपारपर्यंत ट्रेलवर जे उंचवटे तयार होतात, ते लांब पट्टा दोन टाळ्यांमधल्या मात्रांसारखे गिळतो. इथे पैकीच्या पैकी मार्क. उलट जाण्याची तऱ्हा तर ऐकण्यासारखी. रिव्हर्सचं बटन दाबलं की इंजिन मरायला टेकतं, आपण आता संपलं म्हणतो, आणि तेवढ्यात ते उलट्या दिशेने फिरू लागतं. वेगळा गिअरच नाही. आमच्याकडे उलटी नोंद करायला दोन सह्या लागतात.

आता खर्चाची बाजू. पेट्रोलबरोबर ऑईल जळतंच, त्याचा वेगळा डबा, वेगळा हिशेब. चार स्ट्रोकमध्ये ठरावीक काळाने ऑईल बदललं की इंजिन वर्षानुवर्षं चालायचं. दोन स्ट्रोकचं पिस्टनचं काम लवकर निघतं, हे ती जातच सांगते. इंजिन थंड ठेवायचं काम बर्फच करतो, पट्ट्याने उडवलेला. ट्रेल दगडासारखा घट्ट झाला की बर्फ उडत नाही, मग तापमानाचा काटा चढू लागतो. त्यासाठी स्प्रिंगच्या तारा खाली सोडून बर्फ खरवडत न्यावा लागतो. उणे वीस अंशांत गाडी तापेल म्हणून काळजी करणारा माणूस मी प्रथमच पाहिला. समोर मोठा स्क्रीन आहे, त्यावर नकाशा, गाणी आणि फोन. बर्फात मूल गमावलेल्या बापाने सुरू केलेली गोष्ट गाण्यांपर्यंत आली, चांगलं झालं. पण हातमोजे घालून तो स्क्रीन दाजींना चालेना आणि काढून बोटं चालेनात.

समोरून येणारे गाडीवाले बोटं दाखवत होते. मागे आणखी तीन, मागे आणखी दोन. शेवटचा मूठ दाखवतो, म्हणजे माझ्यामागे कोणी नाही. दाजी प्रत्येकाला मूठ दाखवत गेले.

आणि इथे माझी खरी तक्रार सुरू होते. यामाहाची मागची सीट ही सीट होती. पाठीला टेकू, हातांना गरम मुठी, ताईचे गुडघे बसून बसून तिच्यावर खळगे पडलेले. नवी गाडी जन्मतः एकट्या माणसाची आहे. मागची सीट वेगळी विकत घ्यायची, खटक्याने बसवायची, नको तेव्हा काढायची. ती कडक आहे. पंधरा मैलांनंतर पाठ बोलू लागते, तीस मैलांनंतर ओरडू लागते. गाडी चांगली की वाईट, हा प्रश्न दाजींच्या तक्त्यात बारा रकान्यांत होता. ती किती माणसांची, हा रकानाच नव्हता. मी ताईला विचारलं, "तू कितीदा बसलीस?"

"एकदा. मग ह्यांनी सीट काढली. म्हणाले, हलकी पळते."

दाजी पलीकडे ट्रेलरची साखळी आवळत होते. ऐकू गेलं असणार, कारण साखळी आवळून झालेली होती.

रात्री जेवणानंतर दाजी म्हणाले, "मग, बाळासाहेब? कशी वाटली?" मी आमच्या पद्धतीने कागद मागवला आणि कर्जप्रकरणाला देतो तसा शेरा लिहून दिला. 'मालमत्ता समाधानकारक. वेग, वळण, उंचवटे उत्तम. चालू खर्च जास्त, परंतु अर्जदाराच्या ऐपतीत. शिफारस: मंजूर. अट: मागची सीट कायमची बसवून ठेवावी व तिला गादी करून घ्यावी. सीट काढल्याचे आढळल्यास मंजुरी रद्द समजावी.'

दाजींनी दोनदा वाचलं. "गादी इथे कोण करून देणार?" म्हणाले.

"मी शिवते," ताई म्हणाली आणि माप घ्यायला टेप घेऊन गॅरेजात गेली.