शिपायाची गोष्ट आणि ती लिहून घेणारा

दिवाळीत घर भरलेले असते. फराळाची ताटे फिरत असतात, आणि ओटीवर आरामखुर्चीत बसलेल्या पेन्शनर सुभेदार आजोबांना नातवंडे हटकून म्हणतात, "आजोबा, लढाईची गोष्ट सांगा ना!" आजोबा गोष्ट सांगतात. ती बहुधा नेहमीचीच असते. मुले टाळ्या पिटतात, सून चहा आणून देते, आणि आजोबा पुन्हा गप्प बसतात. गोष्ट संपली असे सर्वांना वाटते. खरे म्हणजे ती सुरूच झालेली नसते.

अशा गोष्टी टिपून ठेवाव्यात ही जाणीव आता जगभर रुजली आहे. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने १९७२ साली आपला ध्वनिसंग्रह सुरू केला. अमेरिकेत २००० साली कायदा करून तेथील लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे माजी सैनिकांच्या आठवणी गोळा करण्याचे काम सोपविण्यात आले. आपल्याकडेही निवृत्त सैनिकांच्या आठवणींची पुस्तके निघतात, आणि खिशातल्या फोनवर आजोबांचा आवाज धरून ठेवणे तर आता शाळकरी पोरालाही जमते. मग या हकीकतींकडे वाङ्मय म्हणून पाहावयाचे की नाही? आणि पाहावयाचे तर कोणत्या कसोटीवर? आमच्या टीकाकारांनी या प्रश्नाला फारसा हात घातलेला नाही. देशभक्तीच्या विषयावर टीका कशी करावयाची, असा संकोच त्यांना वाटत असावा. परंतु संकोचाने शिपायाचा मान राखला जातोच असे नाही.

या वाङ्मयाचे एक वैशिष्ट्य प्रथमच ध्यानात घेतले पाहिजे. याला लेखक दोन असतात. एक सांगणारा आणि दुसरा लिहून घेणारा. पुस्तकावर नाव पहिल्याचे असते. पण काय ठेवावयाचे आणि काय गाळावयाचे, हे पुष्कळदा दुसराच ठरवितो. म्हणून टीकाकाराने पहिल्याला नमस्कार करावा आणि दुसऱ्याला जाब विचारावा, असे मला वाटते.

आपल्या घरातलेच उदाहरण घ्या. विष्णुभट गोडसे हे काही शिपाई नव्हते. ते पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. १८५७ साली दक्षिणेच्या आशेने ते उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. या अनुभवांची हकीकत त्यांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून १८८३ च्या सुमारास लिहिली, आणि वैद्यांनी ती १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केली. वैद्यांचे उपकार मोठेच आहेत. त्यांनी आग्रह धरला नसता तर हे पुस्तक झालेच नसते. परंतु छापताना त्यांनी भटजींच्या भाषेला वळण लावले, काही गाळले, काही बदलले. भटजींचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी हस्तलिखितावरून १९६६ साली छापला, तेव्हा कोठे वाचकांच्या हाती आला. म्हणजे ज्याने लिहवून घेतले, त्यानेच मधे पडदाही धरला. आणि तो पडदा दूर व्हावयास जवळजवळ साठ वर्षे लागली. तरी येथे निदान हस्तलिखित शिल्लक होते. ज्याचे हस्तलिखितच नाही, केवळ तोंडची गोष्ट आहे, त्याचे काय?

पानिपताविषयी बखरी पुष्कळ आहेत, पोवाडे आहेत. त्यांतला आवेश आपल्या सर्वांच्या रक्तात भिनलेला आहे. पण पानिपतावर प्रत्यक्ष हजर असलेल्या एका तरुणाने पुढे स्वतःविषयी थोडेसे लिहून ठेवले आहे. तो तरुण म्हणजे नाना फडणीस. त्या वेळी वय अठरा-एकोणीस; बरोबर आई आणि बायको. त्यांच्या त्या त्रोटक आत्मवृत्तात समशेरींचा खणखणाट जवळजवळ नाहीच. आहे ती पळापळ, आईची कायमची ताटातूट, आणि जीव वाचवीत दक्षिणेकडे केलेली वाट. बखर वाचून माणसाची छाती फुगते, तर हे वाचताना ती आतून आवळल्यासारखी होते. दोन्हींची गरज आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु बखरीच्या मापाने आत्मवृत्त मोजू लागलो की नाना भित्रे ठरतात, आणि ते माप चुकीचे आहे हे कळावयास टीकाशास्त्र कशाला हवे? ज्याची आई कधी हरवली आहे, त्याला ते सहज कळेल.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना दोघा मराठा शिपायांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला: १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडलेले यशवंत घाडगे, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर लढलेले नामदेव जाधव. जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले, आणि मग एकट्याने परत जाऊन शत्रूची तीन मशीनगन ठाणी गप्प केली. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून त्यांनी हातबॉम्ब चालविले. हे सारे सरकारी सन्मानपत्रात आहे. सन्मानपत्र हाही एक लेखनप्रकारच आहे, आणि त्याचे नियम कडक आहेत. त्यात शिपायाला तहान लागत नाही, पाणी थंड लागत नाही, खांद्यावरचा सोबती कण्हत नाही. पहिल्या सोबत्याला सोडून दुसऱ्यासाठी वळताना त्या माणसाच्या मनात काय आले असेल, हे विचारण्याची त्यात सोयच नाही. सन्मानपत्राचा तो दोष नव्हे; त्याचे काम पराक्रम सिद्ध करणे हे आहे. दोष आपला आहे. आपण शिपायाच्या मुखातूनही सन्मानपत्रच ऐकू इच्छितो.

ज्यांना सन्मानपत्रही मिळाले नाही त्यांची अवस्था याहून बिकट. पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाची एक दगडी पाटी दिसते. या गावातून इतके पुरुष युद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. आकडा आहे, नाव नाही. पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मराठ्यांच्या पलटणी मेसोपोटेमियात गेल्या. कुतच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी ठाणे शरण गेले आणि उपासमारीने खंगलेले शिपाई तुर्कांच्या कैदेत पडले. त्या मोहिमेची आणि कैदेची हकीकत शिशिरप्रसाद सर्वाधिकारी या बंगाली रुग्णसेवकाने 'अभि ले बगदाद' या पुस्तकात सांगितली आहे. ते छापून निघाले १९५७ साली, म्हणजे चाळीस वर्षांनंतर. आठवण अशी उशिरा तोंड उघडते.

याच युद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे सेन्सॉरचे अधिकारी उघडून वाचीत आणि निवडक मजकूर इंग्रजीत उतरवून घेत. शिपाई बहुधा निरक्षर. पत्र दुसऱ्याकडून लिहवून घ्यावयाचे, आणि ते तिसराच वाचणार हे त्याला ठाऊक असे. म्हणून तो काळी मिरची आणि लाल मिरची अशी सांकेतिक भाषा वापरी. काळी म्हणजे हिंदी फौज, लाल म्हणजे गोरी. डेव्हिड ओमिसी यांनी या पत्रांची निवड १९९९ साली प्रसिद्ध केली. आज मूळ पत्रे बहुतेक नाहीत. सेन्सॉरचे उतारे मात्र आहेत. ज्याने तोंड दाबले त्याच्याच दप्तरात आवाज जपला गेला, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची.

याहून चमत्कारिक प्रकार जर्मनीत घडला. बर्लिनजवळच्या वुन्सडॉर्फच्या छावणीत हिंदी युद्धकैदी होते. जर्मन पंडितांना भाषांचे नमुने हवे होते, म्हणून त्यांनी कैद्यांना ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर उभे केले. मजकूर आधी लिहून घ्यावयाचा, घोकून घ्यावयाचा, मग बोलवावयाचा. पंडितांचे लक्ष उच्चारांकडे. अर्थाशी त्यांना फारसे कर्तव्य नव्हते. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्लसिंग नावाचा पंजाबी शिपाई कर्ण्यासमोर आला. त्याने स्वतःची गोष्ट सांगितली, पण 'मी' म्हणून नव्हे. कोणी एक माणूस होता, हिंदुस्थानात तो लोणी खात असे, आता त्याला घरी जावयाचे आहे, अशी ती गोष्ट. ध्वनिमुद्रण अगदी थोडक्या वेळाचे आहे, आणि आजही बर्लिनच्या विद्यापीठात जतन केलेले आहे. ज्यांनी ते घेतले त्यांना व्यंजने हवी होती. त्यांच्या नकळत एक माणूस आत शिरला. लोणी या एका शब्दात त्याचे घर, गोठा, आई सारे येते. कोणा कसबी लेखकाला ते सुधारावयास दिले असते तर त्याने प्रथम लोणीच पुसले असते!

लिहून घेणाऱ्याची कसोटी पाहावयाची असेल तर स्वेतलाना अलेक्सिएविच यांचे नाव घ्यावे लागते. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या सोव्हिएत स्त्रियांच्या आठवणींचे त्यांचे पुस्तक १९८५ साली निघाले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एका घरी त्या गेल्या तेव्हा नवऱ्याने बायकोला आदल्या रात्री युद्धाचा छापील इतिहास पढवून ठेवला होता, असे त्या सांगतात. नवरा उठून गेल्यावर मग खरी गोष्ट निघाली. आमच्या घरांतही निराळे काय घडते? आजोबा बोलू लागले की मुलगाच मधे म्हणतो, "अहो, ते नको, ते पूल उडवल्याचं सांगा!" परंतु अलेक्सिएविच यांच्यावरही आक्षेप आहेत. अफगाण युद्धावरील त्यांच्या पुस्तकात ज्यांची निवेदने होती, त्यांतल्याच काही जणांनी, एका शहीद मुलाच्या आईनेसुद्धा, आमचे बोलणे बदलले म्हणून मिन्स्कच्या न्यायालयात दावे लावले. मला अलेक्सिएविच यांचे लेखन फार मोठे वाटते. तरीही त्या आईचे म्हणणे कानाआड करता येत नाही. मुलाच्या मृत्यूची हकीकत आईच्या तोंडी घालताना एक शब्दही बदलला, तर तिला विचारावयास नको काय?

हा प्रश्न मी एवढ्या जोराने विचारतो याला कारण आहे. हा अपराध मी स्वतः केलेला आहे.

माझे एक मामा इटलीत लढले होते. सातारकडचे, मितभाषी. मी कॉलेजात असताना नियतकालिकासाठी त्यांच्याकडून हकीकत लिहून घेतली. तीन संध्याकाळी ते बोलले. डोंगरातला चिखल, महिनाभर न सुकलेले मोजे, एका म्हाताऱ्या बाईने भाजून दिलेली कसली तरी फळे. ती फणसाच्या आठळीसारखी लागत, असे ते म्हणाले. आणि पुन्हा पुन्हा येई ते एक खेचर. आमच्याच शेजारच्या गावचा त्यांचा एक सोबती होता. त्याच्या शेवटच्या रात्रीपर्यंत गोष्ट आली की मामा थांबत आणि खेचराविषयी बोलू लागत: ते किती शहाणे होते, निसरड्या वाटेवर पाय कसे टाकी. मला वाटले, म्हातारपणी माणूस भरकटतो. मी खेचर गाळले, मोजे गाळले, आठळ्या गाळल्या, आणि 'हरहर महादेव'ने भरलेला एक झकास हल्ला लिहिला. छापील लेख मामांना वाचून दाखविला. त्यांनी शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "ब्येस लिवलंयस. पर ह्यो कोन गडी?"

मी हसलो. टिपणांचे कागद मी केव्हाच फाडून टाकले होते. मामा वारल्याला आता कित्येक वर्षे झाली. त्या निसरड्या वाटेवरून ते खेचर त्या रात्री काय वाहून खाली आणीत होते, हे मला आज कळल्यासारखे वाटते. पण विचारावयास कोणी उरलेले नाही.

म्हणून या वाङ्मयाची माझी कसोटी साधी आहे. हकीकतीत सांगणाऱ्याची बोली शिल्लक आहे काय? तो जेथे थांबला तेथे लेखकही थांबला आहे, की त्याने ती जागा अलंकारांनी बुजविली आहे? तारखा, पलटणी, ठिकाणे पडताळून चुका वेगळ्या दाखविल्या आहेत, की आठवणच गुपचूप दुरुस्त केली आहे? लिहिलेले सांगणाऱ्याला वाचून दाखविले होते काय? आणि ज्याचा अर्थ लिहून घेणाऱ्याला लागला नाही असा निदान एखादा तपशील त्यात राहू दिला आहे काय? या शेवटच्या कसोटीला मी सर्वांत अधिक मान देतो. आज जे निरर्थक वाटते, त्याचा अर्थ कदाचित पुढच्या पिढीला लागावयाचा असतो.

१९४५ साली वीस वर्षांचे असलेले शिपाई आज हयात असतील तर शंभरी ओलांडलेले आहेत. १९६२ चे शिपाई ऐंशीच्या पलीकडे गेले. १९७१ चे तरुण पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. त्यांतला एखादा कदाचित तुमच्याच ओटीवर बसलेला असेल. फराळ झाल्यावर, फटाके थांबल्यावर, पोरेबाळे निजल्यावर त्यांच्याजवळ जरा बसा. पूल उडवल्याची गोष्ट मागू नका. "तिथं जेवायला काय मिळायचं?" एवढेच विचारा, आणि मग ते जे सांगतील ते, खेचरासकट, लिहून घ्या.