निळी बरणी

सबस्टेशनच्या कुंपणाशी थांबलेला माणूस बहुधा वर बघतो, बुशिंगच्या तपकिरी चकत्यांकडे आणि तारांकडे. माझी नजर खाली, ट्रान्सफॉर्मरच्या कुशीला लटकणाऱ्या काचेच्या बरणीवर जाते. आत निळे दाणे, तळाशी तेलाची वाटी. तिचं नाव ब्रीदर. बारसं करणाऱ्याने कल्पनाशक्ती अजिबात ताणलेली नाही, कारण ट्रान्सफॉर्मर खरोखरच श्वास घेतो.

तेल तापलं की फुगतं. 1000 लिटर तेल 40 अंशांनी तापलं, तर 28-30 लिटरांनी वाढतं. वाढलेलं तेल डोक्यावरच्या आडव्या पिंपात, कॉन्झर्वेटरमध्ये चढतं आणि तिथली हवा बाहेर ढकलतं. भार उतरला, रात्र पडली की तेल आकसतं आणि तेवढीच हवा आत ओढतं. आता कोकणातला जून डोळ्यांपुढे आणा. दुपारभर उन्हात तापलेली टाकी आणि चारच्या सुमारास आलेली सर. टाकी भराभर निवते, तेल आकसतं, श्वास आत घेतला जातो. आणि बाहेरची हवा त्याच घटकेला सर्वांत ओली असते. पाण्याने पुरती भरलेल्या 30 अंशांच्या हवेत घनमीटरमागे सुमारे 30 ग्रॅम वाफ मावते, 20 अंशांना जेमतेम 17. उरलेले 13 ग्रॅम कुठे तरी बसणारच. ते पिंपाच्या पत्र्याला आतून घाम होऊन सुटतात आणि ओघळत तेलात उतरतात. तेलातल्या पाण्याचा हिशेब दहा लाखांत किती भाग असा करतात, यावरून ते किती परकं आहे ते कळावं. त्यातलं बहुतेक पाणी पुढे गुंडाळ्यांवरच्या कागदात मुरतं, आणि ओला कागद अकाली म्हातारा होतो.

यावर ज्याने कोणी ही बरणी सुचवली, त्याच्या समजूतदारपणाला माझी दाद आहे. त्याने श्वास कोंडला नाही, त्याच्या वाटेत फक्त एक गाळणी ठेवली. तीही दोन मजल्यांची. आत येणारी हवा आधी वाटीतल्या तेलातून बुडबुडे काढत वर चढते. धूळ तिथेच राहते. श्वास थांबलेला असतो तेव्हा तेच तेल दाराचं काम करतं, नाहीतर गावभरची दमट हवा पीत दाणे दोन दिवसांत दमले असते. मग येतात दाणे. नाव सिलिका जेल, पण हाताला लागतात कडक, काचेच्या मण्यांसारखे. एका ग्रॅमच्या पोटात शेकडो चौरस मीटरची सूक्ष्म बिळं. पाणी त्यांत जाऊन बसतं, आणि दाणा ना फुगतो ना चिकट होतो.

आणि रंग! कोरडा दाणा निळा, ओला गुलाबी. ही करामत दाण्यांना चोळलेल्या कोबाल्ट क्लोराइडची. युरोपात ते घातक ठरल्यापासून नारिंगीचे हिरवे होणारे दाणे आले आहेत. योग्यच झालं; तरी त्या निळ्याची सर नारिंगीला नाही, हे आपलं माझं मत.

पण नुसता रंग बघणारा अर्धाच वाचतो. गुलाबी कुठून चढला, तेही बघायचं. हवा खालून येते, म्हणून दाण्यांनी खालून वर गुलाबी व्हावं. वरचा थर आधी गुलाबी झाला असेल तर बरणी निर्दोष आहे. वर कुठे तरी गॅस्केट सैल पडलंय आणि ट्रान्सफॉर्मर चोरवाटेने श्वास घेतोय. दाणे काळपट, तेलकट दिसले तर त्यांना तेलाचा स्पर्श झालाय, वाटी जास्त भरली असेल किंवा वरून तेल उतरलं असेल. पावसाळा सरत आला तरी सगळे दाणे कोरे निळेच, तर मला आनंदाऐवजी शंका येते. वाहतुकीसाठी लावलेलं टोपण काढायचं राहून गेलं की बिचारा श्वासच घेत नसतो. आणि काही ठिकाणी टाकी रंगवताना काचेवरही ब्रश फिरवलेला असतो. पुस्तकाच्या पानाला डांबर फासावं तसं ते मला वाटतं.

बंद खोलीतल्या, तेल नसलेल्या कोरड्या ट्रान्सफॉर्मरला बरणी नसते. तो चालू असेपर्यंत, अगदी बिनभाराचाही, गाभ्याच्या उबेने दव दूर ठेवतो. धोका तो बंद पडला की. म्हणून त्याच्या पेटीत हीटर ठेवतात. जुने लोक साधा बल्ब पेटता ठेवत. 25 अंशांची भिजलेली हवा 30 वर नेली की तिची आर्द्रता 75 टक्क्यांवर येते. तेवढी ऊब पुरते. आठवडाभर बंद राहिलेला मात्र मेगर लावून इन्सुलेशन तपासल्याशिवाय चालू करू नये. हा इलाज चोख आहे, पण त्यात वाचण्याजोगं काही नाही.

गुलाबी दाणे फेकायचे नसतात. मंद आचेवर परतले की पाणी सोडतात आणि हळूहळू पुन्हा निळे होतात. एका वायरमनकाकांना मी लोखंडी तव्यावर, उलथन्याने, शेंगदाणे भाजावेत तसे ते भाजताना बघितलंय. निवल्यावर त्यांनी बरणी भरली, वाटीत खुणेपर्यंत तेल ओतलं, आट्या घट्ट केल्या आणि उगाचच समोर उकिडवे बसून राहिले. मीही बसलो. ऊन उतरत होतं. बऱ्याच वेळाने वाटीतून एक बुडबुडा वर आला.