शोकात्मिकेचे ऋण

सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समधील काही विद्वानांची अशी धारणा झाली, की ग्रीक शोकात्मिका आरंभापासून अखेरपर्यंत गायिली जात असे. वस्तुतः तीतील वृंदगीते व काही उत्कट प्रसंग तेवढे गेय होते. संवाद बहुतांशी बोललेच जात. ऑपेराचा जन्म या गैरसमजुतीतून झाला.

शोकात्मिकेचा शेवट मात्र ऑपेराला पेलला नाही. राजविवाहाप्रीत्यर्थ १६०० साली सादर झालेल्या पेरीच्या ‘युरिडीचे’मध्ये शोकात्मिका स्वतःच पात्र होऊन नांदीला येते, अश्रूंचा त्याग जाहीर करते, आणि ऑर्फियस पत्नीला सुखरूप परत आणतो. मॉन्तेवेर्दीच्या ‘ऑर्फेओ’च्या १६०९ च्या मुद्रित स्वरलिपीत अपोलो नायकाला स्वर्गात नेतो.

एवढ्यावरून ऑपेराने ग्रीकांचे केवळ नाव घेतले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘ऑर्फेओ’च्या दुसऱ्या अंकात गोपांचा आनंदोत्सव चालू असता दूती येते आणि रंगमंचाबाहेर घडलेला युरिडीचेचा मृत्यू निवेदन करते. ही योजना अस्सल ग्रीक आहे. परंतु येथे वार्तेपेक्षा ती ऐकणाऱ्याचे मौन, आणि त्या मौनातून सावकाश उमटणारा स्वर, अधिक मोलाचा ठरतो. शोकात्मिकेचे ऋण ऑपेराच्या शेवटात शोधू नये. ते या क्षणी फेडले गेले आहे.